‘हा अंक मला कळला नाही’ म्हणणाऱ्या शैलजा मॅडम

डॉ. शैलजा मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कॉमिक्सप्रेमावर लिहा, असे मला सांगण्यात आले तेव्हा संपादकांची काहीतरी गफलत झाली असावी असे वाटले. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या दातांच्या दवाखान्यात मी गेली वीसेक वर्षे दंतवैद्य म्हणून काम करते. त्यांच्या हाताविषयी, शिस्तीविषयी, रुग्णांविषयी मी लिहू शकले असते. पण रविवारच्या बैठकीत नव्या आलेल्या अंकांवर त्या जी मते देतात, त्यांविषयी मी काय लिहिणार? कोणता नायक कोणत्या जगातला, हे मला आजही धड सांगता येत नाही. मी तक्रार घेऊन मॅडमकडेच गेले. त्या म्हणाल्या, “तुझं नाव मीच सुचवलंय. बाकीचे सगळे कळल्यासारखं लिहितील.” हे कौतुक होते की आणखी काही, याचा उलगडा मला झालेला नाही. तरी लिहिते आहे.

आमची पहिली भेटही अशीच मला न उमगलेली. मी मूळची घोटीची, वडिलांचा तांदळाचा व्यापार. शिक्षण संपवून नोकरीसाठी भेटायला आले ती दुपारची वेळ होती. बाहेर कोणीच नव्हते. आत रुग्णाच्या खुर्चीवर एक बाई आडव्या होत्या, वरचा दिवा लावलेला, आणि त्या उजेडात त्या एक रंगीत अंक वाचत होत्या. मला वाटले, पेशंट असतील.

“डॉक्टर कधी येतील?” मी विचारले.

“आल्यात,” त्या अंकातून मान वर न करता म्हणाल्या. “इकडे ये. हे पान बघ. आधी काय दिसतं?”

पानावर अंगरखा घातलेला एक माणूस मनोऱ्याला लोंबकळत ओरडत होता. मी घाबरून खरे तेच बोलले, “याच्या खालच्या जबड्यात दात जास्त आहेत.”

मॅडम उठून बसल्या. “मी चार वेळा वाचलं, माझ्या नाही लक्षात आलं. सोमवारपासून ये.” माझी प्रमाणपत्रे पिशवीतच राहिली. घरी वडिलांनी विचारले, डॉक्टर कशा आहेत? मी म्हणाले, “माहीत नाही. चांगल्या असाव्यात.”

मॅडमचे माहेर नाशिकच्या वेशीवरचे, फुलशेतीवाले. गुलाबाच्या जुड्या बांधायला आणलेल्या रद्दीत त्यांना पहिले कॉमिक्स सापडले, असे त्या सांगतात. पुढे शिक्षण, लग्न, दवाखाना, मुलांची शिक्षणे, यजमानांचे आजारपण, सगळे आले आणि गेले. अंक वाचणे मात्र सुटले नाही. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत नेहमीच्या मासिकांऐवजी कॉमिक्स असत. तोंड उघडे ठेवून बसलेल्या रुग्णाला त्या ताज्या अंकावरचे मत ऐकवीत आणि त्याला बिचाऱ्याला विरोधही करता येत नसे.

सातपूरच्या कारखान्यात मशीनवर काम करणारे सचिनभाऊ असेच एकदा गाल सुजवून आले. दुखण्याने बेजार होते, तरी नंबर येईपर्यंत त्यांनी एक अंक अर्धा वाचला. दाढ काढून झाल्यावर जायला उठले आणि दारातच घुटमळले. तोंडात कापूस, बोलता येईना. मॅडमनी तो अंक त्यांच्या हातात ठेवला, वर पुढचे दोन दिले आणि म्हणाल्या, “औषध जेवणानंतर. हे जेवणाआधी घेतलं तरी चालेल.” दोन दिवसांनी सचिनभाऊ पहिली पाळी संपवून थेट दवाखान्यात हजर. मला वाटले सूज वाढली. ते पुढचा अंक मागायला आले होते. त्या दिवशी दोघे उभ्याउभ्या इतके बोलले की मॅडमनी सांगितले, रविवारीच या. बैठक सुरू झाली ती तिथून. नंतर इंजिनीअरिंगला शिकणारी अनघा आली, तिच्यामागून आणखी काही जण आले. मी चहाची व्यवस्था बघायची म्हणून बसत असे.

मॅडमची मते ऐकणे हा एक अनुभव असे. एका अंकाच्या मुखपृष्ठावर तुंबळ मारामारी होती आणि आत सगळे जेवायला बसलेले. बाकीचे चिडले. मॅडम म्हणाल्या, “फसवणूक झाली हे खरं. पण जेवणाचीच पानं चांगली आहेत. बघा, कोणी कोणाला वाढत नाही. घर फुटणार हे तिथंच कळतं.” दुसऱ्या एका गाजलेल्या अंकाला त्यांनी एका वाक्यात निकालात काढले होते: “धो धो पाऊस काढलाय आणि एकाचेही कपडे ओले नाहीत.” रंग भरणाऱ्याचे नाव नेहमी बारीक अक्षरात का, यावर त्या दर महिन्याला रागावत. त्या बोलत आणि मंडळी माना डोलावत. मला त्यातले फार कळत नसे, पण इतक्या ठामपणे एखादी गोष्ट आवडणारे माणूस मी दुसरे पाहिले नव्हते.

आता गेल्या वर्षाची हकिगत सांगायला हवी. ती लिहू का, असे मी मॅडमना विचारले होते. “तीच लिही,” त्या म्हणाल्या, “नाहीतर माझ्या चांगुलपणाची यादी होईल.”

‘कॉपरविंग’ नावाच्या तांबड्या पंखांच्या नायकाची परदेशी मालिका त्या तरुणपणापासून वाचत आल्या आहेत. त्या मालिकेत गेल्या वर्षी काहीतरी उलटापालट झाली. अंकांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले. नायकाची धाकटी बहीण काही वर्षांपूर्वी एका पुराच्या प्रसंगात मेली होती. ती या नव्या पहिल्या अंकात घराचे दार उघडते, भावाला आत घेते, आणि कोणालाच त्याचे आश्चर्य वाटत नाही. पुढच्या अंकात तर दोन कॉपरविंग आहेत. एक म्हातारा, एक तरुण, आणि दोघेही स्वतःला खरा म्हणवतात.

हे मला मॅडमनी सांगितले तेव्हा मी हसले. त्या हसल्या नाहीत. दवाखाना बंद करायची वेळ होती. त्यांनी दार लोटून घेतले.

“माधवी, ती बहीण मेली होती ना? मला तो पूर आठवतोय. तिचा हात सुटतो ते पान आठवतंय. पण या अंकात सगळे असे वागतात, जणू ती कायम घरातच होती. मी ते पान मनानेच रचलंय का?”

मी म्हणाले, “मॅडम, कॉमिक्समध्ये होत असेल असं.”

“होतं. लोक मरतात, परत येतात. ते मला कायम समजत आलंय. या वेळी समजत नाहीये.” मग हळूच म्हणाल्या, “आईचं असंच सुरू झालं होतं. आधी टीव्हीवरच्या मालिकांतली नाती चुकायची. मग घरातली.”

त्यांच्या आई शेवटच्या वर्षांत लेकीला शेजारणीच्या नावाने हाक मारीत, हे मला ठाऊक होते. मॅडमनी जुन्या-नव्या अंकांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. “तू वाच. गोंधळ माझ्या डोक्यात आहे की अंकात, एवढं मला सांग.”

मी आयुष्यात पहिल्यांदा कॉमिक्स वाचायला बसले. घरी जेवणाच्या टेबलावर अंक पसरले. नवऱ्याने विचारले, परीक्षा आहे का? खरेच तसे वाटत होते. पूर सापडला, बहिणीचा हात सुटतो ते पानही जसे मॅडमनी सांगितले तसेच सापडले. मला हायसे वाटले. पण पुढे वाचत गेले तशी मीच हरवले. एका अंकात ते सगळे स्वप्न होते असे कोणीतरी म्हणते, दुसऱ्यात ते दुसऱ्या जगात घडले असे, तिसऱ्यात त्याचा उल्लेखच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितले, “पूर आहे. तुमचं ते पान बरोबर आहे. पण पुढचं मला काही कळलं नाही.”

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि पुन्हा पडला. “तुला तर पहिल्यापासूनच कळत नाही गं. त्यावरून काय ठरवायचं?”

मग मी आग्रह धरला आणि आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी तपासणी अगदी मन लावून करून घेतली. कागदावर घड्याळाचे चित्र काढायला सांगितले तर काटे काढून वर पट्टाही काढला. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानाने सगळे ठीक आहे, काळजी नको, वर्षाने पुन्हा दाखवा. मी आनंदाने रिक्षा थांबवली. मॅडम रिक्षात तपासणीचे कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहत होत्या.

“आता तरी बरं वाटलं ना?” मी विचारले.

“डोकं ठीक असेल तर मग हे मला का कळत नाहीये?” त्या म्हणाल्या.

मला वाटले होते प्रश्न सुटला. तो तर जागच्या जागी होता.

त्या रविवारी बैठक भरली. मालिकेचा ताजा अंक सगळ्यांच्या हातात होता. नेहमीप्रमाणे मॅडम आधी बोलतील म्हणून मंडळी थांबली. मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मी ट्रे हातात घेऊन दारातच उभी राहिले.

“हा अंक मला कळला नाही,” त्या म्हणाल्या. “याच्या आधीचाही नाही. त्याच्या आधीच्या अंकावर मी तुमच्यापुढे जे बोलले, ते उगाच बोलले. मला आता हे झेपत नसेल, तर बैठक अनघाने चालवावी.”

मग सचिनभाऊंनी खाकरून घसा साफ केला.

“मॅडम, मला बी नाय समजलं. लय दिवस झाले. तुम्ही बोलायच्या ना, मंग मला वाटायचं आपल्यातच कायतरी कमी हाय.”

अनघा अंक उघडमीट करत होती. ती म्हणाली, “मी तर इंटरनेटवर शोधलं. तिथे लोक भांडतायत नुसते. मॅडम, कोणालाच माहीत नाहीये ती बहीण कुठून आली. तुम्ही त्या दिवशी इतकं छान समजावलंत, मला विचारायची लाज वाटली.”

“मी काय समजावलं होतं?” मॅडमनी विचारले.

“आता नाही आठवत,” अनघा म्हणाली.

पहिल्यांदा मॅडमच हसल्या. मग सगळे. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मागच्या खुर्चीवरून एकाने विचारले, मग दोघांतला खरा कॉपरविंग कोणता? त्यावर जी वादावादी सुरू झाली ती चहा गार होऊन गेला तरी थांबेना. मॅडमही त्यात होत्या, पण पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी मध्येच तोडून “नाही पटत” म्हणत होते, आणि त्या ऐकून घेत होत्या.

तेव्हापासून बैठकीत मॅडम सर्वांत शेवटी बोलतात. मते तितकीच कडक आहेत. परवाच एका नव्या चित्रकाराच्या अंकाला त्या म्हणाल्या, “हात सुंदर काढतो, पण त्याची माणसं एकमेकांकडे बघतच नाहीत.” त्यावर सचिनभाऊंनी त्यांना असे एक पान दाखवले की जिथे माणसे बघत होती. मॅडमनी ते निरखून पाहिले आणि मान्य केले. मीही आता अधूनमधून अंक उघडते. ती बहीण जिवंत आहे की नाही, याविषयी मी कोणतेही मत देऊ शकत नाही. वर्षाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. मी बरोबर जाणार आहे, आणि काय निघेल हे आम्हां दोघींनाही माहीत नाही.

ज्यांनी मला जबडा ओळखायला शिकवले, रुग्णाच्या भीतीला आधी हात लावायला शिकवले, आणि आपल्याला कळत नाही हे चारचौघांत सांगूनही माणूस लहान होत नाही हे दाखवून दिले, त्या मॅडमना पंचाहत्तराव्या वर्षी माझा मनःपूर्वक नमस्कार. त्यांची नजर शाबूत राहो, हात स्थिर राहोत, आठवणी जागच्या जागी राहोत, आणि एखादी हललीच, तर ती मिळून शोधायला आम्ही सगळे त्यांच्या अवतीभोवती असू. दूर देशी बसून हे अंक लिहिणाऱ्यांना आमच्या मॅडम ठाऊक नाहीत. त्यांना एवढीच विनंती की अजून पुष्कळ वर्षे चांगले लिहा. नाशिकमध्ये एक बाई ते खुर्चीत आडव्या होऊन, दिवा लावून, शेवटच्या पानापर्यंत वाचणार आहेत.