धो-धो पाण्याची वेबसाइट

आमच्या घरामागच्या बोअरला पाणी नाही. हे पाच शब्दांचं वाक्य लोकांच्या गळी उतरवण्यासाठी मला एक मोटर जाळावी लागली आणि तहसीलच्या माणसांना चहा पाजावा लागला. (चहाचं पाणी विकतच्या बाटलीतलं!)

तो उन्हाळाच तसला होता. जायकवाडी धरणाचा तळ दिसायला लागला होता. नळाला पाणी आलं की लोकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आणि शहर मात्र बिडकीनच्या दिशेनं सुसाट धावत सुटलेलं. त्या धावपळीत मीही एक प्लॉट घेऊन टाकला. कॉलनीचं नाव 'झुळझुळ नगर'! महापालिकेची पाइपलाइन आमच्या बरीच अलीकडे दमून बसली होती, त्यामुळे आमचं सगळं जीवन टँकरवर. टँकर वाटायचं काम खरात सरांकडे. निवृत्त हेडमास्तर. ते नाव पुकारणार, आपण "हजर" म्हणायचं, मग आपला ड्रम भरणार. हजर म्हणायला उशीर झाला की ड्रम अर्धा!

आता माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणतो. मामांचं शहागंजात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बोअरची, विहिरीची मोटर जळाली की वैजापूरपासूनची माणसं ती खांद्यावर घालून मामांकडे घेऊन येतात. मामांनी आयुष्यात एक नियम पाळला: जावयाला नाही म्हणायचं नाही आणि जावयाला थेट बोलायचंही नाही. जे काही असेल ते मुलीमार्फत. मी समोर बसलेला असलो तरी! "सुरेखा, जावईबापूंना इचार, अजून रस वाढायचा का?" मग सुरेखा मला विचारणार, मी सुरेखाला सांगणार, आणि तोवर रसावर साय धरणार.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, असाच आमरस ओरपता ओरपता मी जाहीर केलं, "मामा, हल्ली ज्याची वेबसाइट नाही त्याचं दुकानच नाही."

मामांनी वळून सुरेखाकडे पाहिलं. "बाई, दुकान तर हाय की. सकाळीच कुलूप लावून आलो."

"अहो, जगाला कळायला नको का?" मी म्हणालो.

"जगाची मोटर जळली की जग येतंय आपसूक," मामा सुरेखाला म्हणाले. मग त्यांना आपला नियम आठवला असावा. "पण जावईबापू म्हणतेत तर करू दे. आपल्याकडं सगळं जळकंच येतंय. आणखी काय जळायचंय?"

झालं! मी कामाला लागलो. वेबसाइटचा फुकटातला साचा मिळाला तो एका ब्युटी पार्लरसाठी बनवलेला. त्यामुळे सबमर्सिबल पंपाच्या फोटोखाली 'आपलं सौंदर्य, आमची जबाबदारी' असं येत होतं. ते मला पुसता येईना. राहू दिलं. पंप तसा देखणाच होता.

अडलं ते 'आमचे समाधानी ग्राहक' या रकान्यापाशी. मामांच्या वैजापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन केला. "काका, समाधानी आहात ना?"

"मोटर लई झ्याक चालती," ते म्हणाले. "पण विहिरीतच पाणी नाय, तर समाधान कुठून उपसू?"

हे काही छापण्यासारखं नव्हतं. मग मी विचार केला, मामांचा एक ग्राहक तर घरातच आहे. आमच्या बोअरमध्ये मामांनीच हौसेनं मोटर सोडली होती. (बोअर कोरडी होती, पण जावयाच्या घरी मोटर नाही असं लोकांनी म्हणायला नको!) मी माझं नाव, कॉलनी, प्लॉट नंबर सगळं घातलं आणि लिहिलं: 'मामांच्या मोटरीमुळे भर उन्हाळ्यात आमच्या बोअरला धो-धो पाणी!' एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लेखनात वजन हवं म्हणून पुढे लिहिलं: 'रोज अंगण धुतो, तरी संपत नाही!' सोबत कुठल्याशा उसाच्या मळ्यातल्या फेसाळत्या पाण्याचा फोटो.

आणि मग ही वेबसाइट मी कुठे पाठवली? कॉलनीच्या मोबाइलवरच्या टँकर ग्रुपवर. वर 'नक्की बघा' असं लिहून!

 त्यावर खरात सरांचा एकच शब्द आला: 'अभिनंदन.' मी हात जोडलेलं चित्र टाकलं.

गुरुवारी टँकर आला. सरांनी सगळी नावं पुकारली. माझं नाव सोडून! मी ड्रमाशेजारी उभा राहून आपणहून "हजर" म्हणालो, तर टँकरवाले शेखभाई म्हणाले, "साब, आपका नाम कट गया. आपके घर में तो नद्दी बह री बोलते!"

"सर, ते खोटं आहे," मी सरांना सांगितलं.

"मग तुम्ही खोटं लिहिता?" सरांनी चष्मा खाली ओढला. मी खाली मान घातली. सातवीनंतर पहिल्यांदाच.

सुरेखा बिथरली, आणि बिथरायला कारण होतं. रविवारी आमच्या पोराचं जावळ! पाहुण्यांना निमंत्रणं गेलेली. डोकं भादरल्यावर पोराला न्हाऊ घालायचं, पन्नास माणसं जेवायची, आणि घरात पिण्याची एक घागर. "पोराला काय तुमच्या वेबसाइटनं आंघोळ घालू?" ती म्हणाली. मी म्हणालो, तो रकाना लगेच काढून टाकतो. टाकला. तर ग्रुपवर तासाभरात आलं: 'बघा, पुरावा नष्ट केला.' सगळ्यांनी आधीच त्याचे फोटो काढून ठेवले होते.

शुक्रवारी सकाळी फाटकाशी बायका हंडे घेऊन उभ्या. "आम्ही खरकट्या पाण्यावर झाडं जगवतोय, अन् तुम्ही अंगण धुता व्हय?" पुढची बाई म्हणाली. अंगणात पाऊल बुडेल एवढा फुफाटा होता. तोही माझ्या बाजूनं बोलेना.

"या, डोळ्यांनीच बघा!" मी तावातावानं मोटर चालू केली. पाइपातून आधी हवा आली, मग धूळ, मग एक पाल. मी विजयी मुद्रेनं बायकांकडे पाहत राहिलो आणि बटण बंद करायचं साफ विसरलो. कोरडी मोटर कण्हली, घर्र घर्र झाली आणि स्टार्टरमधून धूर निघाला.

"अगं बाई, मुद्दाम जाळली!" ती बाई म्हणाली. "पाणी द्यावं लागंल म्हणून!"

शनिवारी तहसीलची जीप आली. टंचाईत ज्याच्या विहिरीला, बोअरला पाणी असतं ती सरकार लोकांसाठी ताब्यात घेतं. कुणीतरी माझं नाव कळवलं होतं. साहेबांच्या हातात माझ्या वेबसाइटचा कागद, रंगीत! सोबत पाणी किती खोल ते मोजायची दोरी होती, पण ती आमच्या बोअरला पुरली नाही.

"साहेब, बोअरला पाणी नाही हो," मी चहा देत म्हणालो.

"हे तुम्ही तोंडी सांगताय," साहेब म्हणाले. "पाणी आहे, हे लेखी आहे. शेवटी एक अंगण रोज धुतलं जातं म्हटल्यावर..."

जाताना भिंतीवर लाल रंगात लिहून गेले: 'अधिग्रहित बोअर'.

रविवारी पाहुणे जमले, न्हावी येऊन बसला, मामा पोराला मांडीवर घेऊन बसले. निम्मं जावळ उतरलं आणि दारात टँकर येऊन थांबला. माझा जीव भांड्यात पडला. पण तो टँकर रिकामा होता. सरकारनं आमच्या बोअरवर भरून घ्यायला पाठवला होता! शेखभाईच चालवत होते. "साब, पाइप किधर लगाना?" त्यांच्यामागे सगळी कॉलनी, आणि सर्वांत पुढे खरात सर.

अर्धं डोकं भादरलेलं पोर भोकाड पसरून रडायला लागलं. मलाही तेच करावंसं वाटत होतं.

मामांनी सगळं पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "सुरेखा, जावईबापूंना सांग, जिथं खोटं लिव्हलं तिथंच खरं लिव्हा. म्हणावं, आत्ता. माझ्या नातवाचं डोकं अर्धं राह्यलंय."

"मामा, दुकानाचं नाव जाईल हो!" मी म्हणालो. मला खरंच वाईट वाटत होतं.

"बाई, त्यांना सांग, नाव पाटीवर हाय. खिळे ठोकून बसवलंय."

मी मोबाइल काढला आणि काढून टाकलेला तो रकाना पुन्हा घातला. खरात सर मागे उभे राहून शुद्धलेखन घालावं तसं सांगू लागले, "लिहा. माझ्या बोअरला पाणी नाही. पूर्णविराम. कधीच नव्हतं. पूर्णविराम. मी अंगण धुतलेलं नाही. खाली नाव." मामा मागून म्हणाले, "सुरेखा, मोटर जळली तेबी लिव्हाया सांग. उगं अर्धवट नको." तेही लिहिलं. सरांनी वाचलं, एक चूक सुधारायला लावली आणि तहसीलच्या साहेबांना पाठवलं. मग ते घरी गेले आणि स्वतःच्या पाण्यातले दोन हंडे उचलून घेऊन आले. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. घरात त्या वेळी तेवढंच पाणी होतं. पाठोपाठ बायकांनी एकेक कळशी आणली, आणि झुळझुळ नगराच्या वर्गणीतल्या पाण्यानं पोराची आंघोळ झाली. गुरुवारी सरांनी माझं नाव पुकारलं. मी इतक्या जोरात "हजर" ओरडलो की शेखभाईंच्या हातून पाइप सुटला.

वेबसाइट अजून आहे. ती बंद कशी करायची ते मला सापडलेलं नाही. 'आमचे समाधानी ग्राहक' या रकान्यात आजही माझं एकट्याचं नाव, आणि खाली: 'पाणी नाही. मोटर जळाली.' दुकानापुढची गर्दी मात्र तसूभरही कमी झाली नाही, कारण खांद्यावर मोटर घेतलेल्या माणसाला मोबाइल बघायला हात रिकामा नसतो.

आणि त्या वेबसाइटमुळे मामांना एकही गिऱ्हाईक मिळालं नाही असं म्हणता येणार नाही. एक मिळालं. जावळाच्या दुसऱ्याच दिवशी जळकी मोटर खांद्यावर घालून मी शहागंजात त्या गर्दीत उभा होतो. मामांनी ती फुकटात दुरुस्त करून दिली. जावयाकडून पैसे घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.