आमच्या लेकीला लागलेली गाढ झोप

आमची थोरली लेक आली तीच घसा घेऊन. दिवसा शहाण्यासारखी टकामका बघायची. दिवे लागले की तोंड उघडायची, ते कोंबडा आरवला तरी मिटायची नाही. साल दुष्काळाचं. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावाशेजारी पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं आणि लेक कुशीवर वळायच्या आतच मी तिथं मातीच्या पाट्या वाहायला जाऊ लागले होते. रात्रभर जागायचं आणि दिवसभर वाहायचं. एकदा तर डोक्यावर भरलेली पाटी घेऊन बांधाच्या उतारावर मी उभ्या उभ्या झोपले! मागच्या बाईनं पाठीत गुद्दा घातला.

"आगं ए, मरशील की! खाली धोंडं हायेत."

त्या दिवशी मी ठरवलं, पोरीला रात्रीची झोप शिकवायची. मी सातवी पास, म्हणजे स्वतःला काही कमी समजत नव्हते. सांजेला तेल लावून ऊन पाण्यानं अंघोळ, पोटभर दूध, दिवा बारीक, रोज तीच ओवी, तीच थोपट. रडली तरी लगेच उचलायचं नाही. दिवसा मात्र उजेडात आणि आवाजात ठेवायची. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, हा सगळा सोहळा ओठ मुडपून बघत होत्या.

"पोरगी हाय का खोंड, वळन लावाया?"

आणि काय सांगू! आठवडा उलटायच्या आत पोरगी झोपायला लागली. अशी झोपायची की सकाळी हलवून जागी करावी लागायची. मग माझा तोरा विचारूच नका. कामावर भाकरीच्या सुट्टीत बायका माझ्याभोवती बसायच्या आणि मी हवेत बाळ धरून थोपटून दाखवायचे.

"तेल कोनतं लावती गं?"

"करडईचं. पण हात हलका पायजे. असा!"

तान्ही पोरं सांभाळायला मुकादमानं गावातली एक म्हातारी ठेवली होती. माझं प्रवचन सर्वांत मन लावून तीच ऐकायची. "व्हय, व्हय," मान डोलवत म्हणायची, "वळनच लागतं पोरास्नी."

बाभळीच्या फांद्यांना ओळीनं झोळ्या टांगलेल्या असायच्या, त्यात एक माझ्या लेकीची. पूर्वी तिथं जत्रेसारखा कालवा असायचा. आता एकही झोळी कुरकुरत नव्हती. वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या, वारा पडला की सगळ्या एकदम थांबायच्या, आणि आत कुणी हूं की चूं करायचं नाही. मला काय वाटावं? माझी शिकवण घरोघर पोचली! मी ओळीवरून नजर फिरवून पाटी उचलायचे.

पण माझी लेक दिवसाही झोपू लागली. गालावर माशी बसली तरी तोंड वेडंवाकडं करायची नाही. छातीशी घेतली की दोनदा चोखून मान टाकायची. माझी चोळी दुधानं भिजून थबथबायची, दुधाच्या गाठी ठणकायच्या आणि तिच्या मांडीवरची गुबगुबीत वळ्या एकेक करून नाहीशा होत चालल्या. आत्याबाईंना म्हटलं, तर त्या दुसरीकडेच बघत म्हणाल्या, "झोपंत पोर वाढतंय."

एके दिवशी सुकडीचं सरकारी खाणं वाटायला येणारा ट्रक फार उशिरा आला. सगळ्यांना थांबावं लागलं. घरी पोचेस्तोवर दिवस बुडाला. लेकीला आत्याबाईंच्या मांडीवर देऊन मी पाण्याला गेले. परत आले, हातपाय धुतले, तिला पाजायला घेतली. तोंड मिटेचना. तळव्याला टिचकी मारली. पाय उचलून धरला, सोडला. तो ओल्या फडक्यासारखा पडला. तिचा श्वास आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एक आला. मी पापणी वर केली. अंधारून आलं होतं, तरी डोळ्यातला काळा ठिपका मोहरीएवढा बारीक.

तेवढ्यात म्हातारी दारात उभी. विसरलेलं दुपटं घेऊन आली होती.

"उठली न्हाई व्हय अजून? आज दोन दिल्या म्या. ट्रक यीना, समदी पोरं किरकिर कराया लागली."

"काय दोन दिल्या?"

"बाळगोळी गं. अफूची. रोज एक देती की! तुला ठावं न्हाई?"

माझ्या मागं वाटी खणकन पडली. आत्याबाई उभ्या होत्या. "म्या बी दिली," त्या म्हणाल्या. "आत्ताच, दुदात. रोज सांजच्याला देती. ही दिसभर माती वाहती, रातच्याला हिचा डोळा लागावा म्हनून."

"तुमी बी?" म्हातारी उसळली. "मंग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी इचारलं का मला? माज्या नातीला माज्या माघारी गोळ्या चारती, आन वर तोंड करून बोलती!"

देवाशपथ सांगते, दोघी कमरेवर हात ठेवून भांडायला लागल्या, आणि मधोमध माझी लेक श्वास घ्यायचं विसरत होती. मी अशी किंकाळी फोडली की आमचे मालक गोठ्यातून धावत आले. तेच पळत जाऊन परत निघालेला सुकडीचा ट्रक अडवून घेऊन आले. आम्ही चढलो. आत्याबाई चढल्या. म्हातारीही चढली, तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि उतर म्हणायला कुणाला सवड नव्हती.

कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी उचलून बघितली. "अफू कुणी दिली?"

"म्या," दोघी एकदम म्हणाल्या.

"आता हिला झोपू द्यायचं नाही. झोपली तर श्वास थांबेल."

झोप शिकवणारी मी, रात्रभर तिला जागी ठेवत बसले! चिमटे काढत होते, तळवे चोळत होते. आत्याबाई गार पाण्याचं फडकं फिरवत होत्या. आणि पोरं गप्प करण्यात हयात घालवलेली ती म्हातारी लेकीच्या कानाशी तांब्या बडवत होती. मधेच श्वास अडायचा. तांब्या थांबायचा. आम्ही तिघीही श्वास धरून बसायचो.

फटफटताना लेकीचा खालचा ओठ वाकडा झाला. मग घोगरा, मांजरीच्या पिलाएवढा आवाज आला. ती रडली. सवयीनं म्हातारीचा हात कनवटीच्या गोळ्यांच्या डबीकडे गेला आणि आत्याबाईंनी त्यावर असा फटका मारला की डबी घरंगळत कॉटखाली गेली.

पुढचे कित्येक दिवस ती नुसती रडली. घामेजायची, थरथरायची, आकाश डोक्यावर घ्यायची. आत्याबाई तिला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या, मला निजायला लावायच्या. कामावरही गोळ्या बंद झाल्या आणि सगळ्या झोळ्यांनी मिळून असा सूर लावला की मुकादम कानाला मुंडासं गुंडाळून हिंडू लागला.

मी तेल, अंघोळ, ओवी सोडली नाही. आणि एका रात्री, काहीही न घेता, लेक आपली आपण झोपली. शांत, सलग. मी नाकापाशी बोट धरलं. आत्याबाईंनी धरलं. मालक उठून आले, त्यांनीही धरलं. परत मी. कुणी आडवं झालं नाही. शेवटी आत्याबाईंना राहवेना. त्यांनी नातीच्या तळव्याला सणसणीत चिमटा काढला.

लेक किंचाळून उठली.

"रड गं माजे बाय," आत्याबाई तिला उराशी धरून म्हणाल्या, "चांगली मोकळ्या गळ्यानं रड."