न वाढलेली माळ

त्या दिवसांत माझा देवावर विश्वास होता की नव्हता, हे मला आजही नीट सांगता येत नाही. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मेहकरच्या एका शाळेत नुकताच लागलो होतो आणि सणावाराला हात जोडण्यापलीकडे देवाशी माझं बोलणं उरलं नव्हतं. ऐन ज्वारीच्या सोंगणीत आमच्या गावाहून, डोणगावहून निरोप आला, बाबांना कावीळ झाली.

घरी जाऊन पाहतो तर डोळे हळदीसारखे आणि अंगाला अशी खाज, की बाबा शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीला पाठ घासत. ताप नव्हता, पोटही फारसं दुखत नव्हतं. गावात कावीळ उतरवणारे किसनजी होते. त्यांनी देवीच्या ठाण्यापुढे बसवून बाबांच्या गळ्यात मुळ्यांच्या बारीक तुकड्यांची ओली माळ बांधली होती. ही माळ आधी गळ्याशी घट्ट असते, मग रोज थोडी वाढत छातीवर येते आणि तिच्यासोबत कावीळ उतरते. ती आपण होऊन गळून पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही, अशी रीत. मी दवाखान्याचं नाव काढलं तेव्हा बाबा हसले. “तू बीए झाला ना बे? तुह्या कालेजात कावीळ शिकवली असन तर उतरव मंग.”

गावात कितीतरी जणांच्या माळा वाढताना मी लहानपणापासून पाहिल्या होत्या. बाबांची वाढेना. उलट ती गळ्यात रुतत गेली, तिच्या वरची कातडी फुगली. आम्ही समजलो, माळेनं घासून सूज आली. बाबा उपरण्यानं ती झाकत. जेवण तुटलं, माणूस निम्मा झाला. शेवटी किसनजीच आईला म्हणाले, “वयनी, माही माळ यायच्यावर वाढून नाही राह्यली. हे माह्या हातचं नाही. पोराले मना, शहरात ने.” त्या म्हाताऱ्याच्या या प्रांजळपणाचे उपकार मी विसरलेलो नाही.

अकोल्याला नेलं. पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढले. जठरामागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, त्याचं एक टोक सुजून पित्ताची नळी दाबली गेली आहे, असं डॉक्टरांनी समजावलं. संशय कॅन्सरचा होता. ऑपरेशन फार मोठं, त्यातून माणूस उठेलच असं नाही आणि उठला तरी किती दिवस, हेही त्यांनी लपवलं नाही. त्यांनी गळ्याच्या सुजेचं विचारलं तेव्हा आम्हीच सांगितलं, ते माळेचं आहे.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर माळ काढायला आल्या. बाबा अडून बसले. “देवीपुढं बांधली, बाई. हात लावाचा असन तर मले घरी पाठवा.” सिस्टर दमलेल्या होत्या. म्हणाल्या, “देवीला माझं नाव सांगा, मी बघते काय ते.” बाबा हसले, पण मान त्यांनी हलवली नाही. मग सिस्टरनी कात्री माझ्या हातात दिली. एका बाजूला बाबांचा जीव, दुसऱ्या बाजूला त्यांची श्रद्धा. माझं सगळं शिक्षण त्या कात्रीपाशी येऊन थांबलं. आई कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती. कितीतरी वर्षांनी मी मनात म्हणालो, देवी, मला काही कळत नाही, तूच काढ.

बाबांना ढकलगाडीवर घेताना माळ मधोमध तुटली आणि चादरीवर पडली. आवाजसुद्धा झाला नाही. दोरा घामानं कुजला असेल, हे मीच सांगतो. पण ती पडली तेव्हाच दुसऱ्या वॉर्डातले एक वयस्कर डॉक्टर कोणाला तरी शोधत दारात आले होते. त्यांची नजर त्या उघड्या गळ्यावर गेली. जवळ येऊन त्यांनी जबड्याखाली दोन्ही बाजूंना चाचपलं, तोंड कोरडं पडतं का ते विचारलं.

“ही सूज माळेची नाही,” ते सावकाश म्हणाले. “गाठी वाढत होत्या, म्हणून माळ रुतत होती. दोन्हीकडे अगदी सारख्या आहेत. आज यांचं पोट उघडू नये असं मला वाटतं.”

त्यांचं सर्जनशी बराच वेळ बोलणं झालं. गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासला, त्यात कॅन्सर नव्हता. त्यांनी मला बाहेर बसवून सांगितलं की राखणीला ठेवलेल्या माणसानं आपल्याच उभ्या पिकात विळा घालावा, तसं कधी शरीराचं रक्षण करणारं रक्तच शरीरावर उलटतं; मग गळ्याच्या गाठी आणि स्वादुपिंड एकाच कारणानं सुजू शकतात. परदेशातल्या अशा एक-दोन रोग्यांबद्दल त्यांच्या वाचनात आलं होतं. खात्री नाही, म्हणाले, पण स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन पाहू. उतार पडला नाही तर ऑपरेशन आहेच.

पुढचे दिवस मी बाबांच्या डोळ्यांकडे पाहत काढले. आधी खाज थांबली. मग गळा मऊ पडला. एका सकाळी खिडकीच्या उजेडात त्यांच्या डोळ्यांतला पांढरा रंग परत आलेला दिसला. सिस्टरनी दिलेली पेज बाजूला सारून बाबा आईला म्हणाले, “भाकर आन ठेचा नाही का कुठी?” सर्जन स्वतः येऊन पोट चाचपून गेले. जाताना त्यांनी नकळत हात जोडले; कोणाला, ते मी विचारलं नाही.

पुढे गोळ्या कमी केल्यावर एकदा पिवळेपणा परतला, पुन्हा गोळ्यांनीच गेला. साखर वाढली, तीही सांभाळावी लागली. पण बाबा जगले, माझ्या मुलांना खांद्यावर घेण्याइतके जगले. त्या आजाराला पक्कं नाव मिळालं ते फार उशिरा.

तुटलेली माळ आईनं पदराला बांधून आणली होती. उतरलेली माळ वाहत्या पाण्यात सोडायची असते. पैनगंगेच्या काठी बाबा स्वतःच्या पायांनी चालत गेले आणि ती पाण्यावर ठेवून म्हणाले, “उतरली ना शेवटी?” मी हो म्हणालो. माळ वाढली असती तर आम्ही गाव सोडलं नसतं आणि ती आधी निघाली असती तर ते डॉक्टर दारात नसते. यापुढे मला मोजता येत नाही, आणि मी मोजतही नाही. बाबा रोज सकाळी गोळी तळहातावर घेऊन आधी देवीच्या दिशेनं हात जोडत, मग ती गिळत. आता माझ्याही सकाळी गोळ्या असतात. मीही तसंच करतो.