पहिला ओरखडा

मामांच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कधी निघायचं नाही. फ्रिजच्या दाराला पापुद्रा, रिमोटला पिशवी, सोफ्याला दुकानातलं कव्हर. उन्हाळ्यात पाहुणा उठला की चर्रकन आवाज यायचा. चाकणच्या कारखान्यात मामा रंगवलेल्या गाड्यांवर ओरखडे शोधायचे आणि तोच डोळा घेऊन घरी यायचे. "एकदा का ओरखडा पडला, की वस्तू जुनी झाली," हे त्यांचं म्हणणं.

मी बीडहून शिकायला आले ती चऱ्होलीला त्यांच्याकडेच राहिले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे मी कुठंही बेधडक सांगते. पदवीच्या झग्यातला माझा फोटो मामांनी हौसेनं फ्रेम करून भिंतीवर लावला, तोही प्लास्टिकसकट.

"मामा, ही मी आहे हे कुणाला कळणार?"

"आपल्याला ठाऊक हाय की!"

मामा निवृत्त झाले आणि मामींना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, हसणं तर बंदच. दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघत पडून असायच्या. मामांनी ठरवलं, त्या भिंतीशी मासे आणायचे. कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत दुकानातली टाकी बसेना, म्हणून मापाच्या ॲक्रिलिक शीट कापून आणल्या. हॉलमध्ये मांडी ठोकून कडा घासल्या. सांध्यात सिरिंजनं चिकटवायचं पातळ द्रावण सोडताना श्वाससुद्धा धरून ठेवायचे. पाणी भरून पाहिलं तर एक कोपरा पाझरला. "गाडी रिजेक्ट!" म्हणत तो पुन्हा जोडला. अखेर खाटेवरून नीट दिसेल अशा उंचीवर टाकी ठेवून सोनेरी मासे सोडले.

मामी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मासे दिसंनात, हो. निळं धुकं दिसायलंय."

शीटच्या बाहेरच्या बाजूची निळी फिल्म मामांनी काढलीच नव्हती!

"आगं, ओरखडे पडतील."

"पडू द्या. मला मासे बघायचेत."

लेकराच्या जखमेवरची पट्टी सोडवावी तशी मामांनी ती फिल्म कोपऱ्यापासून हळूहळू सोलली.

पुढं टाकीला शेवाळ धरलं. चकाचक करायच्या नादात मामांनी भांड्यांची हिरवी घासणी फिरवली. ॲक्रिलिक ते, काच नव्हे. आडवेतिडवे ओरखडे उठले. जन्मभर दुसऱ्यांचे ओरखडे धरणारा माणूस घासणी हातात घेऊन तसाच उभा राहिला. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "आली बाई एकदाची वापरात!" आणि मामी वाकड्या तोंडानं खदखदून हसल्या. मामा टाकीकडे पाठ करून त्यांच्याकडेच बघत राहिले. त्याच संध्याकाळी फ्रिज, सोफा, रिमोट, माझा फोटो, सगळ्यांची प्लास्टिकं निघाली.

मामांना जाऊन आता वर्ष होईल. मामी हल्ली खुर्चीत बसून डाव्या हातानं माशांना खाणं टाकतात. परवा मी म्हटलं, "मामी, हे ओरखडे पॉलिश करून जातात. माणूस बोलावू का?"

त्यांनी त्या रेघांवरून सावकाश बोट फिरवलं.

"नको गं. नवी दिसंल ती."