काट्यावरची लादी

खिशातून थर्मामीटर काढायचा, सदऱ्याच्या टोकाने पुसायचा आणि न विचारता माझ्या सरबतात बुडवायचा. सरांची ही सवय. प्रकाशा गावच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी सरबताची गाडी आहे. या जगात फुकट कोणी काही करत नाही, हे शिकूनच मी ती उभी केली. आधी वाटलं, हा सरकारी खात्याचा माणूस. मग वाटलं, समोरच्या रसवंतीवाल्याने पाठवलाय. निघाले शहाद्याचे निवृत्त विज्ञान शिक्षक. तरी मी नजर ठेवून होतो. तुम्हीही ठेवली असती.

माझं कोणाशी वाजलं की ते म्हणायचे, "आधी मोज, मंग भांड."

बर्फ माझा मेव्हणा आणायचा. रिक्षातून लादी उतरवून सरळ पिंपात टाकायचा. घटकाभरात पिंपात खडा दिसत नसे. शहाद्याहून येताना अर्धी लादी विकायला वाटेत टपऱ्या काय कमी आहेत? एका दुपारी तो लादी घेऊन आला, तेव्हा गिऱ्हाइकांसमोरच मी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. त्याचं घर या कामावरच चालत होतं.

तिथेच उभ्या सरांनी शेजारच्या भाजीवालीचा काटा मागवला. लादी पुरी भरली. मग दोन बादल्या घेतल्या. एकीत मी पिंपात भरायचो ते पत्र्यावरच्या टाकीचं दोन किलो पाणी, चाळीस अंश. दुसरीत तेवढंच भाजीवालीच्या माठातलं, वीस अंश. दोन्हींत किलो किलो बर्फ. पहिलीतला पार संपला, दुसरीत निम्मा तरंगत राहिला.

सर म्हणाले, किलोभर पाणी एक अंशाने तापवायला लागते ती उष्णता एक माप धर, तर किलोभर बर्फाला नुसतं वितळायलाच ऐंशी मापं उष्णता लागते. चाळीस अंशांचं दोन किलो पाणी शून्यावर येताना तेवढीच देतं. हिशेब संपला, बर्फही संपला.

"त्यानी नही खादा बर्फ. तुन्हा टाकीना पानीनी खादा."

लोक हसले. हे मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? तो राग अजून आहे. माठ मात्र दुसऱ्याच दिवशी आणले, भाव पाडून.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. त्यांच्या पत्नीने थर्मामीटर गाडीवर आणून दिला. बदल्यात काय द्यायचं, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

मेव्हणा अजून बर्फ आणतो. पण लादी आधी काट्यावर ठेवतो आणि बाजूला उभा राहतो. परवा पुन्हा म्हटलं, राहू दे, घरचाच आहेस.

तो काट्याकडेच बघत होता. "आधी मोजा, दाजी. मंग भांडा."