पुलावरचा फोन

सीमेवरच्या रूसे शहरातली स्तोयना दर शनिवारी बसने डॅन्यूब नदीपलीकडच्या देशात थोरल्या बहिणीकडे, इलीनाकडे जायची. पुलावर ओळखपत्रं तपासायची रांग लागली की फोन करायची, "ताई, रांगेत आहे. पीठ मळायला घे." दोन तासांनी पोचावं, तर चीज घातलेली बानित्सा गरमागरम आणि ताई नटूनथटून दाराला टेकून उभी.

यंदा सरकारांना सुबुद्धी सुचली, तपासणी बंद झाली. स्तोयनाने सवयीने पुलावरून फोन केला आणि दहा मिनिटांत दार वाजवलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. इलीना काठी टेकत, भिंत धरत आली होती.

"ही काठी कधीपासून?"

"तीन वर्षं झाली," इलीना फणकारली. "लपवायला तुझी रांग होती. मेल्यांनी तेवढाही आडोसा ठेवला नाही."