दाजींचं ‘नको’

निजामाच्या उभ्या मोगलाईत आमच्या दाजींइतकं देखणं ‘नको’ म्हणणारा दुसरा माणूस झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, घाटनांदूरचे. ते आमच्याकडे लिंबागणेशला, सासुरवाडीला आले की त्यांच्या एकट्यापायी पंगत लांबायची. पोळी वाढणारी समोर आली की दाजी दोन्ही पंजे ताटावर आडवे धरत, डोळे मिटत आणि आपला जीवच कुणी मागितला असावा अशा सुरात ‘नको’ म्हणत. दुसऱ्यांदा विचारलं की डोळे उघडायचे, पंजे मात्र तिथंच. तिसऱ्यांदा विचारलं की त्या पंज्यांमधून बरोबर एका पोळीपुरती फट पडायची. पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरा आणि दुसऱ्याला म्हणतो तो उतावळा, असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या मुलखात हा रिवाज सगळेच पाळतात, मीही पाळतो. पण आम्ही तो जेवणापुरता पाळतो, दाजींनी तो जन्माला लावून घेतला होता. ताईचं स्थळ सांगून आलं तेव्हासुद्धा ते दोनदा नको म्हणाले होते, असं आमचे वडील हसून सांगत. ताईनं मात्र नवऱ्याला पुरतं ओळखलं होतं. “घ्या, घ्या वो, घ्याच आता,” असं ती एका दमात म्हणायची आणि वाढून मोकळी व्हायची.

मग तापाच्या साथीत ताई गेली. मूलबाळ नव्हतं. घरात दाजींच्या भावजयीचा कारभार आला. बाई मनानं वाईट नव्हती, पण ती एकदाच विचारायची. वर्षभरात दाजी इतके वाळले की त्यांच्या शेरवानीत आणखी एक माणूस सहज मावला असता. त्याच सुमारास मला लंकेत, कोलंबोला एका गुजराती कापडवाल्याच्या पेढीवर कारकुनी मिळाली होती. दाजींनाही बरोबर ने, तिथं त्यांनाही काहीतरी काम लागेल, असं वडिलांच्या मनात आलं. ते स्वतः घाटनांदूरला गेले आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दाजी तयार झाले. गावचे लोक वेशीपर्यंत आले आणि “रावनाला आमचा बी रामराम सांगा” असा निरोप देऊन परतले. बोटीवर पाय ठेवताच दाजी मला म्हणाले, “पाव्हनं, दिवाळीपस्तोर काम न्हाई लागलं तर म्या माघारी जानार. मेव्हन्याच्या अन्नावर बसून ऱ्हानारा मानूस न्हाई मी.” माघारी म्हणजे कुठं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

कोलंबोत आम्ही समुद्राजवळ एक कौलारू खोली घेतली. तिथं पाऊस म्हणजे रोजचा पाहुणा, आणि दाजी पडले दुष्काळी बीडकडचे. आभाळ भरून आलं की ते खोलीतलं एकूण एक भांडं पागोळ्यांखाली मांडत. शेजारची विहीर काठोकाठ भरलेली होती, ती मी दाखवली. “असू द्या,” ते म्हणाले, “हिरीचं काय सांगावं?” तोंड धुतलेलं पाणी ते पायांवर घेत आणि पायांवरचं उरलेलं नेऊन नारळाच्या मुळाशी घालत. तो नारळ घोटाभर चिखलात उभा होता. भर दमट उकाड्यात शेरवानी अंगातून निघत नसे, कारण परमुलखात आपल्याकडे बघून लोक निजामाच्या राज्याची पारख करणार, अशी त्यांची समजूत. तिन्ही त्रिकाळ भात समोर आला की ते काळजीनं विचारत, “ह्या गावात समदेच आजारी हायेत का?” ज्वारीची भाकरी स्वप्नात आली तर सकाळी मला तिचं सविस्तर वर्णन ऐकावं लागे. एकदा मात्र खानावळीत खोबऱ्याची लालभडक चटणी खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “ह्या मुलखात आपल्याकडची एखादी लेक नक्की दिलेली हाय,” ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी लंकेला माफ केलं.

काम मिळणं अवघड नव्हतं. दाजींना आपल्याकडची दखनी उर्दू फर्डी येई, हिशेबाला ते पक्के, आणि बंदरावर अर्धे व्यापारी आपल्याच देशातले. मी त्यांना तांदळाच्या एका व्यापाऱ्याकडे नेलं. त्यानं दोन शब्द बोलून पाहिलं आणि म्हणाला, “ठीक है, कल से गोदाम पर आ जाओ.” दाजींनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले. “नक्को सेठ, मेरे लिए कायकू तकलीफ?” व्यापाऱ्यानं बरं म्हणून मान हलवली आणि दारातल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं. बाहेर आल्यावर दाजी बराच वेळ मागं वळून बघत होते. “दुसऱ्यांदा इचारलंच न्हाई बगा,” ते म्हणाले. “लई घाईचा मुलूख हाय.” पुढं एका तेलघाण्याच्या मालकानं दोनदा विचारलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला, पण तिसऱ्यांदा विचारण्याआधी तो जेवायला घरी गेला. दाजी संध्याकाळपर्यंत तिथल्या बाकड्यावर बसून राहिले.

मग मी त्यांची तालीम सुरू केली. मी सेठ व्हायचं, काम द्यायचं आणि त्यांनी ताबडतोब हो म्हणायचं. ते घामाघूम व्हायचे, पण तो शब्द काही घशातून बाहेर येईना. “असं एकदम हो कावून म्हनावं?” ते विचारत. “त्याला वाटंल, ह्या मानसाला गरज हाय.” गरज आहेच की, असं मी म्हटलं. त्या रात्री जेवताना मी त्यांना तिसऱ्यांदा भात विचारला आणि पंजे हलले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

दिवाळी तोंडावर आली आणि आम्ही परतीच्या बोटीची चौकशी करायला बंदरावरच्या धर्मशाळेत गेलो. तिथले मुनशी हैदराबादचे निघाले. दाजींची दखनी ऐकून त्यांनी आम्हाला बसवूनच घेतलं. उतारूंच्या खाण्यापिण्याकडे बघायला माणूस हवा होता. त्यांनी दाजींना विचारलं. दाजींनी डोळे मिटले. मी कपाळाला हात लावला. मुनशीजी मात्र हसले, चहा मागवला आणि पुन्हा विचारलं. दाजींनी डोळे उघडले. मुनशीजींनी पानाचा डबा पुढं सरकवला, दोन गोष्टी हवापाण्याच्या केल्या आणि तिसऱ्यांदा विचारलं. “अब आप इत्ता बोलरें तो…” असं म्हणत दाजींनी हळूच पान उचललं. इतकं सुरेख पान उचललेलं मी नंतर कधी पाहिलं नाही.

त्या धर्मशाळेत दाजी फुलले. बोटीनं आंबलेले, घर सुटलेले लोक यायचे, भूक नाही म्हणायचे, आणि दाजी समोरून हलायचे नाहीत. शेरवानीही पुन्हा अंगासरशी बसायला लागली. अशी काही वर्षं गेली. मग तिकडं वडील वारले आणि शेतीभाती बघायला मला परतावं लागलं.

दाजी धक्क्यावर पोचवायला आले. त्यांनी दशम्यांची पुरचुंडी पुढं केली. मी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतली. मग मी म्हणालो, “दाजी, तुम्हीपण चला.”

“नको,” ते म्हणाले.

“लिंबागणेशचं घर तुमचंच आहे. चला.”

“नको, पाव्हनं.”

मी त्यांच्या पंज्यांकडे बघत होतो. मला मनापासून वाटत होतं की आता फट पडेल. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, “दाजी, घरी चला.”

त्यांनी हात हळूच सोडवून घेतला. “न्हाई,” ते म्हणाले. “आज तुमी इचारलं, लई बरं वाटलं. पर रोज कोन इचारनार? ती हुती तवर ती इचारायची. हितं म्या इचारतो.”

दाजींचा तिसरा नकार मी असा ऐकला. चौथ्यांदा विचारायची आमच्याकडे रीत नाही. बोट सुटली तेव्हा मी कठड्याशी उभा होतो. धक्क्यावर दुसऱ्या बोटीचे उतारू उतरत होते, आणि त्यांतल्या एका थकलेल्या म्हाताऱ्यासमोर दाजी उभे होते. म्हातारा मान हलवून नको म्हणत होता, आणि दाजी काही तिथून हलत नव्हते.